नाव नका सांगू, माप सांगा: जुना रेकॉर्ड प्लेअर गावात राहून कसा दुरुस्त करायचा

वाड्याच्या वाटण्या होतात, नाहीतर कौलं उतरवून स्लॅब टाकायचं ठरतं, आणि माळ्यावरचं सामान खाली येतं. विदर्भातल्या बऱ्याच घरांत त्या सामानात एक रेकॉर्ड प्लेअर निघतो. कापसाला बरा भाव मिळाला त्या साली आजोबांनी नागपूर-अमरावतीहून आणलेला. एचएमव्हीची उचलून न्यायची पेटी असेल, फिलिप्सचं मशीन असेल, किंवा लाकडी रेडिओग्रामच्या (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेल्या कपाटाच्या) पोटात बसवलेला गॅरार्ड वा बीएसआर कंपनीचा चेंजर, म्हणजे रेकॉर्डी आपोआप बदलणारं मशीन. घरातलं कुणीतरी हौसेनं धूळ पुसतं, प्लग लावतं. थाळी फिरत नाही, किंवा फिरते पण गाणं रडतं. मग विचारणा सुरू होते: या मॉडेलचे पार्ट कुठं मिळतील?

मॉडेलच्या नावानं शोधलं तर बहुतेक वेळा उत्तर एकच, कुठंच नाही. ही मशीनं बनायची केव्हाच थांबली. त्यांचे डीलर कधीचे फ्रिज-कूलर विकायला लागले. पण हिंगणघाटकडे लेथवर काम करणाऱ्या एका काकांकडे रबराचं चाक घेऊन गेलो आणि मशीनची कुळकथा सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मध्येच थांबवलं, "नाव नोका सांगू भाऊ, माप सांगा." रेकॉर्ड प्लेअरच्या दुरुस्तीतली निम्मी अक्कल या वाक्यात आहे. आत डझनभरच महत्त्वाचे भाग असतात आणि प्रत्येकाचं काम साधं असतं. ते काम कळलं की भागाचं माप कळतं, आणि माप कळलं की तो भाग सायकलच्या दुकानात, ट्रॅक्टरच्या सीलच्या दुकानात किंवा लेथवर मिळतो. बाहेरगावाहून मागवावे लागतात ते मुख्यतः दोनच भाग, सुई आणि तिची थरथर विजेत बदलणारं कार्ट्रिज. तेही नावापेक्षा मापानं लवकर जुळतात.

प्लग लावण्याआधी

पन्नास वर्षं बंद पडलेलं मशीन थेट २३० व्होल्टवर टाकू नका. मागे किंवा थाळीखाली व्होल्टेज बदलायचा खटका असतो, तो ११० वर आहे की २२० वर ते आधी बघा. वायरवरचं रबर हाताला कडक लागून भुगा होत असेल तर वायर बदला. उंदरांनी काय कुरतडलंय तेही बघून घ्या. माळ्यावरच्या मशीनमध्ये उंदरांचं घर असणं हा अपवाद नाही.

मग सिरीज बोर्ड. गावातल्या कुठल्याही रेडिओ मेकॅनिककडे तो असतो: ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब मशीनशी एकापुढे एक जोडलेला. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका. मिणमिणला किंवा पेटलाच नाही आणि मोटर कुरकुरली, तर जीव आहे. एलईडीचा बल्ब या कामाला चालत नाही.

काचेच्या व्हॉल्व्हच्या काही स्वस्त मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मर नसायचा. त्यांची लोखंडी चेसिस थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की सगळा पत्रा जिवंत. अशा मशीनला प्लग लावून आत बोट घालायचं धाडस करू नका, ते काम जाणत्या मेकॅनिककडेच द्या. अ‍ॅम्प्लिफायरमधले मोठे कपॅसिटर वाळलेले असतात, ते कुठल्याही परिस्थितीत बदलायचेच आहेत. त्यावरचा आकडा वाचून तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचा आणला की झालं. नागपूरच्या सीताबर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते सहज मिळतात. ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये एसी १२८ सारखे जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर गेलेले असतील तर थोडी शोधाशोध होते. पण आवाजाची बाजू सगळ्यांत शेवटी. आधी थाळी बरोबर फिरली पाहिजे.

थाळी फिरते कशी

१९५० ते १९७० च्या दशकांतल्या आपल्याकडच्या विजेवरच्या बहुतेक मशीनमध्ये थाळी फिरवायला रबरी कडेचं एक चाक असतं. याला आयडलर म्हणतात. मोटरच्या दांड्यावर पायऱ्या-पायऱ्यांची पितळी पुली असते. जाड पायरी ७८ ची (म्हणजे थाळीच्या मिनिटाला ७८ फेऱ्या), मधली ४५ ची, बारीक ३३⅓ ची, आणि कधी त्याहून बारीक १६ ची. वेगाचा खटका फिरवला की रबरी चाक वर-खाली सरकून हव्या त्या पायरीला टेकतं. त्याची दुसरी बाजू थाळीच्या आतल्या काठाला घासते. मोटर चाकाला फिरवते, चाक थाळीला.

इथला हिशेब एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून चार पोलची मोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास फिरते. भार पडला की थोडी कमी. थाळीचा आतला व्यास समजा १८० मिलिमीटर आणि पुलीची बारीक पायरी ४ मिलिमीटर. १५०० गुणिले ४ भागिले १८०, उत्तर ३३.३३. तीच पायरी ५.४ मिलिमीटर केली तर ४५, आणि ९.३६ केली तर ७८. खऱ्या मशीनमध्ये पायरी केसभर जाड ठेवतात, कारण मोटर पूर्ण १५०० ला पोचत नाही.

आता मजा बघा. या हिशेबात रबरी चाकाचा व्यास कुठंच आला नाही. विटा हातोहात वर चढवताना मधला माणूस उंच असो की बुटका, खालचा ज्या गतीनं देतो त्याच गतीनं त्या वर पोचतात. हे चाक म्हणजे तो मधला माणूस. म्हणजे चाक मूळच्यापेक्षा मिलिमीटरभर लहान-मोठं झालं तरी वेग बदलत नाही. म्हणूनच गावच्या लेथवर केलेलं चाक चालतं. त्याला तीन गोष्टी मात्र लागतात: ते पूर्ण गोल हवं, भोक बरोबर मध्यात हवं, आणि रबर मऊ हवं, नखानं दाबलं तर दबेल इतकं. आणि अर्थात जागेत बसलं पाहिजे. खटका 'बंद' वर असताना ते कशालाही टेकता कामा नये.

नेमकं हेच चाक सगळ्यांत आधी बिघडतं. रबर उन्हाळ्यागणिक कडक होत जातं, आणि आपल्याकडचे उन्हाळे तुम्हाला माहीत आहेत. शिवाय मशीन शेवटचं वापरणाऱ्यानं खटका ३३ वरच ठेवून दिला असेल तर चाक वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी दाबलेलं राहतं आणि तिथं खड्डा पडतो. मग प्रत्येक फेरीला थड असा आवाज.

या थडथडीचा वेग मोजला तर दोषी कोण ते न उघडता कळतं. ३३⅓ ला थाळीची एक फेरी १.८ सेकंदांत होते. दर १.८ सेकंदांनी एकदाच हेलकावा येत असेल तर रेकॉर्ड वाकडी आहे, तिचं भोक मध्यात नाही, किंवा थाळी डोलतेय. चाकाला दोष देऊ नका. तेवढ्याच वेळात चार वेळा थड होत असेल तर चाक बघा, कारण ४५ मिलिमीटरचं चाक १८० मिलिमीटरच्या थाळीच्या एका फेरीत चारदा फिरतं. सलग घूंऽऽ असा जाड आवाज असेल तर ती मोटरची थरथर आहे.

चाक फार बिघडलं नसेल तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, मेडिकलमध्ये किंवा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं. रबराची कड, पुलीच्या पायऱ्या आणि थाळीचा आतला काठ, तिन्ही. पुलीवर जुन्या रबराचा काळा थर बसलेला असतो, तो निघाल्यावर कितीतरी मशीनं मुकाट चालू लागतात. मग बारीक पॉलिश पेपरनं रबराची चकाकी घालवा. चाक हातात धरून घासू नका, त्यानं ते अंडाकृती होतं. दांड्यावर बसवून फिरतं ठेवा आणि पेपर स्थिर धरा.

रबरच मेलं असेल तर लेथवाल्याकडे जा. आतली धातूची चकती ठेवायची, जुनं रबर काढायचं, नवीन निओप्रीनची कडी चिकटवायची आणि फिरती ठेवून ग्राइंडरनं गोल करायची. दुसरा उपाय स्वस्त आहे: चकतीच्या कडेला अर्धगोल खाच पाडून त्यात ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं, बसवायची. हायड्रॉलिक सील आणि ट्रॅक्टरचे स्पेअर विकणाऱ्या दुकानांत ओ-रिंगांचे खोकेच्या खोके असतात, आणि कापसाच्या, सोयाबीनच्या पट्ट्यात असं दुकान नसलेलं तालुक्याचं गाव सापडणं कठीण. माझं मत विचाराल तर पहिला उपाय बरा. ओ-रिंगची पकड एका बारीक रेषेवर येते आणि जड थाळी उचलताना ती घसरते. हलक्या पत्र्याच्या थाळीला चालून जाते.

बॅटरीवर चालणाऱ्या पेट्यांत आणि नंतरच्या स्टिरिओ मशीनमध्ये चाकाऐवजी पट्टा असतो. पट्टा तुटतो, ढिला पडतो, किंवा डांबरासारखा वितळून पुलीला चिकटतो; तो डाग अल्कोहोलनं सुटतो. नव्या पट्ट्याचं माप काढायला मोटरची पुली आणि थाळीखालची चकती यांच्याभोवती दोरा ताणून घेरा मोजा आणि त्यातून शेकडा पाच ते आठ वजा करा. जुन्या ताणलेल्या पट्ट्याचं माप दिलं तर नवाही ढिलाच येईल. जाडी मूळ पट्ट्याइतकीच हवी, कारण इथं जाडीनं वेगात फरक पडतो.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या भाच्यानं आणलेलं मशीन हा वेगळाच ताप आहे. तिकडे वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. विजेवर थेट चालणारी मोटर इथं पाचषष्ठांश वेगानं फिरते आणि ३३⅓ चे जेमतेम २७.८ होतात, लताबाईंचा आवाज पुरुषी वाटू लागतो. यावर उपाय म्हणजे वीस टक्के जाड पुली. चार पायऱ्यांची मापं व्हर्नियरनं घ्या, प्रत्येकाला १.२ नं गुणा आणि पितळेत करून आणा. आतली मोटर डीसी असेल तर ही भानगड नाही.

आणखी एक कारण आपल्या खेड्यांतलंच. रब्बीत मोटरपंप सुरू झाले की संध्याकाळी घरातलं व्होल्टेज १८० वर येतं. या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे २३० ला जेवढा असतो त्याच्या साधारण साठ टक्केच उरतो. तेल वाळलेलं, रबर घसरतं आणि त्यात हे. सकाळी बरं चालणारं मशीन रात्री रडतं ते यामुळे. टीव्हीचा जुना स्टॅबिलायझर लावून बघा. इन्व्हर्टरवर मात्र ऐकू नका, त्यातल्या साध्या प्रकारांनी मोटर गुरगुरते.

तेल, छर्रे आणि घट्ट झालेलं ग्रीस

मोटर खोलण्याआधी दोन्ही अर्ध्यांवर पेन्सिलनं खूण करा, म्हणजे जोडताना फिरवाफिरव होत नाही. दांडा ज्या पितळी बुशांत फिरतो ते पेट्रोलनं धुवा, दांडा पुसा, बुशाभोवतीची लोकरीची चकती शिलाई मशीनच्या तेलात भिजवा. खोबरेल किंवा खायचं तेल घालू नका, सहा महिन्यांत त्याचा डिंक होतो. पेट्रोलचा थेंब रबरावर पडू देऊ नका. बिडी-काडी लांब ठेवा हेही सांगतो, कारण ही दुरुस्ती बहुधा ओसरीवर चार माणसं बसलेली असतानाच होते.

मोटर तीन रबरी बुचांवर किंवा स्प्रिंगांवर टांगलेली असते. बुचं दगड झाली की मोटरची सगळी थरथर सुईपर्यंत जाते. मोटारसायकलच्या वायरिंगचं काम करणाऱ्याकडे तसली बुचं मिळतात. भोकाचा आणि पत्र्याच्या जाडीचा आकडा घेऊन जा.

थाळीच्या मधल्या दांड्याच्या तळाशी बऱ्याच मशीनमध्ये एक पोलादी छर्रा असतो, काहींत थाळीखाली छर्ऱ्यांची माळ असते. छर्रा चपटा झाला की थाळी जड फिरते आणि गुरगुर येते. सायकलच्या दुकानात हेच छर्रे मिळतात. पुढच्या चाकाचा ३/१६ इंच, मागच्याचा १/४, हँडलच्या कपातला ५/३२. जुना मोजा, तसाच नवा घ्या, हलकं ग्रीस लावून बसवा. पाच मिनिटांचं आणि दहा रुपयांच्या आतलं काम, पण कितीतरी लोक या गुरगुरीसाठी आधी कार्ट्रिज बदलून बसतात.

चेंजर असेल, म्हणजे एकावर एक रेकॉर्डी लावल्या की आपोआप पडणारा, तर बिघाडाचं मूळ जवळजवळ नेहमी घट्ट झालेलं ग्रीस असतं. थाळीखाली एक मोठं दातेरी चाक, त्यावर खाचा, खाचांत फिरणाऱ्या पट्ट्या. सुई धरणारा मशीनचा हात (टोनआर्म) मध्येच अडकला तर जोर लावू नका. ते दातेरी चाक जस्ताच्या मिश्रधातूचं असतं आणि जुनं झालं की बिस्किटासारखं तुटतं. सगळे फोटो काढून ठेवा, एकेक पट्टी सोडवा, रॉकेल किंवा पेट्रोलनं धुवा, पातळ पांढरं ग्रीस फक्त घासणाऱ्या जागी लावा. दातेरी चाक तुटलेलंच असेल तर मात्र मशीन हातानं चालवायचं ठरवा आणि विषय सोडा. नागपूर-अमरावतीला थ्रीडी प्रिंटरवर असं चाक करून मिळू शकतं, पण त्याला तुटक्या चाकाचं नेमकं चित्र काढून देणारा माणूस हवा, आणि तो प्रिंटरपेक्षा दुर्मीळ आहे.

सुई आणि कार्ट्रिज: इथं काटकसर नको

सुई खाचेत थरथरते, ती थरथर विजेत बदलते ते कार्ट्रिज. जुन्या मशीनमध्ये ते बहुधा क्रिस्टलचं असायचं. आतला स्फटिक रोशेल सॉल्टचा, म्हणजे एक क्षारच. तो दमट हवेत पाणी पितो आणि साधारण ५५ अंशांना मोडतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीला मे महिन्यात सावलीतला पारा ४६-४७ ला जातो, टिनाखालच्या माळ्यावर त्याहून वर. नंतर धानपट्ट्यातला पावसाळा. अशा घरातून निघालेलं क्रिस्टल कार्ट्रिज जिवंत असेल ही आशा सोडाच. 'नवं, सीलबंद, त्या काळातलं' म्हणून कुणी विकत असेल तरी घेऊ नका, कारण सीलबंद डबीतही उन्हाळे तितकेच लागलेत.

त्याच्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसवा. तेही क्रिस्टलसारखंच काही शे मिलिव्होल्टचा दणकट सिग्नल देतं आणि उष्णतेला दाद देत नाही. सध्या सूटकेसच्या आकाराचे जे नवे स्वस्त प्लेअर मिळतात त्यांत लाल सुईचं छोटं सिरॅमिक कार्ट्रिज असतं. ते ऑनलाइन सुटं मिळतं. जुन्या हातात ते सरळ बसत नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा छोटा कंस करावा लागतो. कार्ट्रिजच्या दोन स्क्रूंमधलं प्रमाणित अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, तुमच्या हाताच्या डोक्यात तेवढी भोकं असली तर निवड खूप वाढते. तारा जोडताना कार्ट्रिजच्या पिनांवर सोल्डरिंग करू नका, उष्णता आत जाते. छोट्या क्लिपा मिळतात, त्यांना तार आधी सोल्डर करून मग क्लिप पिनेवर सरकवा.

मॅग्नेटिक कार्ट्रिजचा आवाज सरस, हे खरं. पण ते जुन्या पेटीत बसवू नका. त्याचा सिग्नल तीन ते पाच मिलिव्होल्टचा, तो मोठा करायला वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो, आणि पेटीतला जड हात त्याच्या नाजूक सुईला पेलत नाही. ज्यांच्याकडे वजन मागे-पुढे करता येणारा चांगला हात आहे त्यांनीच तो मार्ग घ्यावा. तिथं लाल आणि हिरवी तार उजव्या बाजूची, पांढरी आणि निळी डाव्या बाजूची. गुंऽऽ आवाज येत असेल तर मशीनची काळी अर्थिंगची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडली आहे का बघा.

आता सुई, आणि इथं सगळ्यांत मोठी गफलत होते. ७८ च्या जुन्या तबकडीची खाच रुंद, तिला सुमारे ३ मिल म्हणजे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. १९४८ साली आलेल्या एलपीची, म्हणजे ३३⅓ च्या मोठ्या तबकडीची, खाच बारीक, तिला ०.७ ते १ मिलची. बारीक सुईनं ७८ वाजवली तर ती खाचेच्या तळाशी, धुळीत लोळते. खरखर जास्त, गाणं कमी. जाड सुईनं एलपी वाजवली तर खाचेच्या भिंती कायमच्या जातात. म्हणून जुन्या कार्ट्रिजवर एक छोटी दांडी असायची, ती उलटवली की दुसरी सुई खाली येते. भारतात ७८ च्या तबकड्या १९७० च्या आसपासपर्यंत निघत होत्या, त्यामुळे आपल्या घरांतल्या गठ्ठ्यात दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. वाजवण्याआधी वेगळे करा. तबकडी जड आणि ठिसूळ लागली तर ७८, हलकी आणि लवचीक लागली तर एलपी किंवा ४५.

मिळालेल्या मशीनमधली सुई कुणी किती वाजवली ते आपल्याला माहीत नसतं. सफायरची सुई चाळीस-पन्नास तासांत झिजते, हिऱ्याची साधारण पाचशे तास किंवा जास्त टिकते. मोबाइलवर बारीक भिंग लावून टोक बघता येतं, पण शंका असेल तर बदलाच. सुई पकडणारं इवलं रबर तिच्यामागे असतं, तेही जुन्या साठ्यात कडक झालेलं असतं, म्हणून पन्नास वर्षं जुन्या 'ओरिजिनल'पेक्षा आजची नवी पर्यायी सुई घ्यावी. जपानची जिको (JICO) कंपनी शेकडो जुन्या मॉडेलांच्या सुया अजून बनवते. मागवताना मशीनचं नाव उपयोगी नाही, कार्ट्रिजच्या अंगावर कोरलेला आकडा हवा. तो पुसला गेला असेल तर सुईचा चारही बाजूंनी, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून फोटो काढा.

सुईचा भार किती? सिरॅमिकला साधारण चार ते सहा ग्रॅम, मॅग्नेटिकला दीड ते अडीच. जुन्या पेट्यांचे हात आठ-दहा ग्रॅमनं दाबतात, त्यामुळे नवी सुई लवकर मरते. हाताच्या बुडाशी एक स्प्रिंग असते, ती ताणून भार कमी करा. मोजायला गावातल्या सोनाराचा काटा उत्तम. फक्त सुई काट्यावर टेकते ती उंची थाळीवरच्या रेकॉर्डइतकीच असू द्या, नाहीतर आकडा फसवा येतो.

कुणाला विचारायचं

मोठ्या शहरांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात: मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार, दिल्लीचं लजपतराय मार्केट. चंद्रपूर-यवतमाळकडच्या माणसाला हैदराबादच्या कोठीतली गुजराती गल्ली जास्त सोयीची. पण मी आधी तालुक्याच्या जुन्या माईकवाल्याकडे जाईन. आज जे मंडप-डेकोरेशन आणि डीजे करतात त्यांच्या वडिलांनी लग्नात, जत्रेत भोंग्यावर रेकॉर्डी वाजवल्या. कॅसेट आल्यावर ती मशीनं गोदामात फेकली गेली, कुणी विकायच्याही भानगडीत पडलं नाही. वडसा भागात झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड पुरवणाऱ्यांकडेही विचारा. उत्तर साधारण असं येतं, "हाये ना, गोडाउनात पडलं असन, पाहा लागन." त्या 'पाहा लागन' नंतर चारदा फोन करायची तयारी ठेवा, आणि तो जेव्हा दाखवेल तेव्हा सुटा भाग मागू नका, सगळं मशीन उचला. त्याच जातीच्या एका मेलेल्या मशीनमधून पुली, थाळी, खटके, बिजागऱ्या, बटणं मिळतात. हेच भाग गावात करून घेणं सगळ्यांत किचकट. घेताना थाळी हातानं फिरवून बघा, मोटरच्या दोन टोकांना मीटर लावा, आणि पुली जागेवर आहे ना ते नक्की बघा. रबर आणि सुईकडे ढुंकूनही बघू नका, ते तर बदलायचंच आहे.

सगळं जोडल्यावर वेग तपासा. थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवून ३३⅓ वर फेऱ्या मोजा: तीन मिनिटांत शंभर व्हायला हव्यात, आणि हे रेकॉर्ड वाजत असतानाच मोजा, मोकळी थाळी नेहमी चांगली वागते. जास्त बारकाईनं हवं असेल तर पट्ट्यांची चकती छापून घ्या. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ३३⅓ साठी १८० पट्ट्या, ४५ साठी १३३, ७८ साठी ७७. वेग बरोबर असेल तर त्या थांबलेल्या दिसतात. एलईडीखाली बहुधा दिसत नाही, जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली छान दिसतं.

अल्कोहोलची बाटली हाताशी आहे म्हणून त्यानं ७८ ची तबकडी पुसायला जाल, तर थांबा. तिच्यात लाख असते, तीच जी गोंदिया-गडचिरोलीकडे पळस-कुसुमाच्या फांद्यांवर कीटक तयार करतात. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो ना? तबकडीही तशीच विरघळते. तिला साधं पाणी, मऊ कापड आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पुरे. मधला कागद भिजू देऊ नका, आणि वाळवायला उन्हात ठेवू नका.

मशीन एसटीनं नागपूरला न्यायचं असेल तर थाळी काढून वेगळी गुंडाळा, तिच्या वजनानं दांडा वाकतो. हात दोऱ्यानं टेकूला बांधा, सुईवर टोपी नसेल तर कार्ट्रिजच काढून खिशात ठेवा. मोटरला वाहतुकीचे स्क्रू असतील तर ते आवळा, आणि पोचल्यावर ते पुन्हा सैल करायला मेकॅनिकला सांगा. टपावर देऊ नका. मांडीवर घेऊन बसा.